तिचं तिलाच हाय

ऐरोलीत हिवाळा येतो म्हणजे
पंखा चारवरून दोनवर येतो,
आणि एरवी समोरच्या इमारतीलाच चिकटून बसणारं ऊन
आमच्या ग्रीलमध्ये वाकून बघतं,
साडेनऊ ते पावणेबारा.
मी मोजलंय.
निवृत्त माणसाला एवढं काम पुरतं.

सव्वादोन तासांच्या उन्हावर माझी शेती:
मासळीबाजारातून आणलेली थर्माकोलची दोन खोकी,
तळाला तापल्या सळईने पाडलेली भोकं.
एकात मेथी, फोडणीच्या डब्यातलीच,
दुसऱ्यात टोपलीत कोंब फुटलेला लसूण,
त्याची पात कात्रीने कापायची, मुळाला हात नाही लावायचा.
चाकवत पेरला होता, तो कबुतरांचा झाला.
खालच्या वाघेलांच्या वाळत्या चादरीवर
रोज चार थेंब माती पडते,
त्यांना दर शनिवारी एक जुडी देऊन
प्रकरण मिटवलंय.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी शालनचं मीठ काढलं.
पापड, लोणचं, सुकट, सगळं माळ्यावर.
माझी पहिली मेथी तिने तोंडात घातली,
बराच वेळ चावली,
म्हणाली, छान आहे.
गाय झाल्यासारखं वाटतं.

गोठिवलीच्या नाक्यावर चांगुणा म्हात्रे बसते.
गोणपाटावर ढीग, काड्यांसारखी बारीक पानं, फुगीर,
टोकाला तांबूस.
मोरस, म्हणाली. खाडीची.
कुठे उगवते, मी विचारलं,
तर वरपासून खालपर्यंत बघून घेतलं मला.
परवा सुकती लवकर हाय. चपला नको घालू.

पावणेसात वाजता मी पोटरीभर चिखलात.
नाल्याकडची नाय घ्यायची, ती म्हणाली,
आणि मला लांबवर, मोडक्या मिठागराच्या बांधावर नेलं.
तिथे तिची बोटं चालायची, माझी विचार करायची.
लाल झाली ती जून, सोड.
शेंडा खूड, उपटू नको, पुन्हा यायचंय ना.
तिची पिशवी भरली तेव्हा माझी मूठ भरली होती.
परतताना उंच इमारतींकडे हात करून म्हणाली,
तुमची लिफ्ट हाय ना, तिथं आमची भाताची खाचरं होती.
बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं,
आणि लगेच,
दोनदा उकल, पानी फेक, घट्ट पिल.
मीठ नको टाकू रं. तिचं तिलाच हाय.

चण्याची डाळ, माझ्या लसणाची पात,
एक सुकी मिरची.
शालनने पहिला घास घेतला आणि थांबली.
तुम्ही मीठ घातलंत.
नाही.
घातलंत. खोटं बोलू नका, या वयात.
मी बरणी आणून दाखवली, वरची पातळी
रविवारी पेन्सिलने आखली होती तिथेच.
मग तिने भाकरीने ताट पुसून घेतलं,
कढईसुद्धा.
संध्याकाळी दंडाला पट्टा बांधून
दोघं आकडा वर चढताना बघत बसलो.
काय आला ते सांगत नाही.
पण मोरस आता पंधरा दिवसांतून एकदाच, वाटीभर.

मी एक फांदी मुळासकट आणली होती. चोरून.
तिसरं खोकं तिचं.
चांगुणाला सांगितलं तर पोट धरून हसली,
खाडीला काय नलाचं पानी पाजतो?

तेव्हापासून रोज सकाळी तांब्यात अर्धा चमचा मीठ.
शालनचं बंद झालेलं
आता त्या खोक्यात जातं.
पौष संपत आला.
फांदी मरत नाही, वाढतही नाही,
साडेनऊला ऊन येतं तेव्हा
शेंड्याचा रंग जरा बदलतो.
शालन चहा घेऊन तिथेच उभी राहते,
आणि मी वळलो की
एक पान तोडून जिभेवर ठेवते.
मला दिसतं. ग्रीलच्या काचेत सगळं दिसतं.